रुग्णाशी नाते

दिवाळी अंक जाहिरातींवर चालतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्या वाटेने पुढे आलेला अंक नुसत्या वाचकांच्या पैशांवर क्वचितच तगतो. आमचा तर नाहीच. यंदा छपाईला जाण्याआधी सगळ्या जाहिराती टेबलावर पसरल्या, तर सराफापासून मसाल्यापर्यंत प्रत्येकीत तेच चौघे भेटले. झब्ब्यातला बाप, नथ घातलेली आई, एक मुलगा, एक मुलगी. आजी असलीच तर कडेला, फराळाचं ताट धरून. भावाकडे न राहता स्वतंत्र बिऱ्हाड केलेली आत्या नाही, एकत्र राहणाऱ्या दोन मैत्रिणी नाहीत, विधुर काका आणि त्यांच्या घरी रोज संध्याकाळी येणाऱ्या बाई नाहीत. जाहिरातदारांवर रागावण्यात अर्थ नाही. दोन बिऱ्हाडं एक झाली की एक फ्रीज कमी खपतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

यंदाचा अंक घराबद्दल आहे. रक्त आणि लग्न सोडून माणसं कशाच्या जोरावर एकमेकांची होतात, आणि व्यवहार त्यांना तसं होऊ देतो का, एवढाच विषय. तो कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, “म्हणजे कुटुंबच मोडायला निघालात की काय?” कुटुंब म्हणजे परंपरा आणि बाजार तिचा वैरी, अशी वाटणी आपल्या मनात पक्की बसलेली असते. कंपन्या आल्या, मुली नोकरीला लागल्या, मोबाइल आला आणि घरं फुटली. हे ज्याला पटतं त्याने दसरा उलटल्यावर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर जाऊन यावं.

दिवाळीच्या आगेमागे तिथली गावं रिकामी होतात. भांडी, बाजली, शेळ्या, लेकरं घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादम त्यांना उचल देतो ती कोयत्यामागे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. पहाटेच्या भाकरी आणि रात्रीचं पाणी बाईचं, ते हिशेबात नाही. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. म्हणून पोरगा हाताशी आला की हंगामाआधी त्याचं लग्न उरकायची घाई होते. सून आली की कोयता पुरा. पोरीच्या बापालाही तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोर असतो. बालविवाहाचं कारण आपण अडाणीपणात शोधत बसतो. थोडं उचलीच्या वहीतही शोधावं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला भाऊ, पुतण्या, कुणीतरी जोडीला उभा करावा लागतो, नाहीतर काम नाही. एकाचा खाडा पडला, मग तो बाईच्या पाळीचा का असेना, की दोघांचं नुकसान. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. साखरेच्या धंद्याला कुटुंब मोडायचं नाही. त्याला ते हवंच आहे, घट्ट बांधलेलं आणि जोडीने राबणारं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुलं नवरदेव होऊन, काही तर घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. लग्नाला मुली मिळत नाहीत ही तक्रार. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा ही मागणी. मोर्चाचे फोटो गमतीने फिरले. मला गंमत वाटली नाही. मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, आणि ज्या आल्या त्यांच्या आईबापांना आता शेतीवरचा जावई नको. पुण्यात फ्लॅट, महिन्याला पगार, जमलं तर गावाकडे बागायत. यात मुलींचं काय चुकलं? पण लग्नाशिवाय माणूस पुरा होत नाही हे त्या पोरांना आपणच शिकवलं होतं, आणि मग लग्नाचा भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. पस्तिशीतल्या त्या माणसाला आई गेल्यावर जेवण कोण वाढणार, आजारी पडल्यावर कोण बसणार, याचं उत्तर गावाकडे नाही, कारण गावाला बायको सोडून दुसरं उत्तर सुचतच नाही.

एके काळी सुचत होतं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस राहायचे. एक रातपाळीहून यायचा तेव्हा दुसरा वळकटी गुंडाळून पहिल्या पाळीला निघायचा. बायका-मुलं गावी. जेवण खाणावळीत, म्हणजे त्याच चाळीतल्या एखाद्या बाईच्या चुलीवर. पैसे पगाराला. कुणाचा गुरुवार आहे, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाच्या घरून पत्र आलेलं नाही, हे तिला पाठ असायचं. कुणी तापाने पडला तर पेज तिच्याकडून जायची. संप लांबला की ती उधारीवर जेवायला घालायची आणि स्वतः सावकाराच्या दारात उभी राहायची. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पैसे घेऊन जेवू घालणारी ही बाई त्या कामगाराची कोण होती? आई नाही, बायको नाही; मालकीण म्हणावी तर डोक्यावर कर्ज तिच्याच. पैसे आले की माया जाते, हे सुभाषित रचणाऱ्याने परळ-लालबागचा जिना बहुधा चढला नव्हता.

मुंबईतच धोबीतलाव आणि माझगावला गोंयकारांच्या कुडी, म्हणजे गावकीच्या सामायिक खोल्या, होत्या. काही अजून आहेत. एकेका गावाची एकेक कूड. बोटीवरचा खलाशी मुंबईला उतरला की गावच्या कुडीत ट्रंक टेकायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा आणि पुढच्या बोटीची वाट बघायची.

हे गोड करून सांगायला नको. खोली काय, कूड काय, घर पुरुषांचंच होतं, आणि गावी राहिलेल्या बायका मनीऑर्डरीवर दिवस काढत होत्या. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू, चेला, नानी अशी पक्की नाती असतात. आईबापांनी हाकललेल्याला तिथे छप्पर मिळतं, आणि त्या छपराखाली कमाईचा हिशेब आणि गुरूचा धाकही असतो. निवडलेलं नातं जन्माच्या नात्याहून आपोआप चांगलं निघेल, असं मी म्हणत नाही. ते नातं असतं, एवढंच माझं म्हणणं. कागदाला मात्र ते दिसत नाही.

जोतीराव फुल्यांना हे कळलं होतं. विधवांसाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा मांडीवर घेतला, यशवंत नाव ठेवलं. पण प्रेमाने वाढवलं एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८८७ साली त्यांनी रीतसर मृत्युपत्र केलं आणि यशवंतला आपला वारस नेमलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी अंत्यविधीत यशवंतच्या हक्कावर हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगावंच. त्याच दमात त्या मृत्युपत्राचंही सांगावं. रक्ताबाहेरचं घर करणाऱ्याला कायद्याची भाषा यावी लागते.

संपादक म्हणून मला र. धों. कर्व्यांची आठवण या विषयात टाळता येत नाही. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मूल हवं की नको हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे आणि शरीरसुखात पाप नाही, हे ते लिहीत राहिले. खटले झाले, दंड भरले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही ते हरलेच. घर बराच काळ पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चाललं. त्यांचे अंक आज अभिमानाने चाळणाऱ्या किती घरांत लेकीच्या मित्राला मुक्कामाला राहू देतात, ते विचारू नये.

कायदा अलीकडे एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा चालतो आहे. नवऱ्याच्या आधीच्या लग्नातली मुलं वाढवणाऱ्या चंदीगडच्या एका परिचारिकेला बाळंतपणाची रजा नाकारली गेली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईबाप आणि मुलं एवढंच कुटुंब नसतं. लग्नाविना एकत्र राहणारे, समलिंगी जोडपी, हीही कुटुंबंच. त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना एकत्र बँक खातं उघडता येईल, रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरलं जाईल. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय म्हणालं की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नाही. आणि उत्तराखंडात त्याच वर्षी जानेवारीपासून लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करायची, नाही केली तर तुरुंगवासाची तरतूद. सरकारला यांची नोंद हवी आहे. यांना हक्क देण्याची घाई मात्र दिसत नाही.

याचा चटका कुणाला बसतो हे पाहायचं तर तरुणांकडे नको, सत्तरीकडे पाहा. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांना लग्नाविना जोडीने राहता यावं म्हणून मंडळ काढलं. लग्नच का नको, असं आपण विचारतो. कारण विधवेने पुन्हा लग्न केलं की फॅमिली पेन्शन सहसा थांबते. कारण मुलांना फ्लॅटमध्ये आणखी एक वाटेकरी नको असतो. मग दोघं वेगवेगळ्या सोसायट्यांत राहून रोज सकाळी बागेत भेटतात, आणि एकाला अटॅक आला की दुसरा अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहतो. तिथे भरून द्यायच्या फॉर्मवर रकाना असतो: रुग्णाशी नाते. त्यात ‘मित्र’ लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, घरचं कोणी नाही का?

त्याच विभागाबाहेर बाकावर आणखी एक बाई बसलेली असते, तिला आपण मावशी म्हणतो. ब्यूरोतून आलेली, बारा तासांची ड्युटी. आजोबांना अंघोळ घालणं, गोळ्या देणं, रात्री दचकून उठले की हात धरून बसणं हे तिनेच केलेलं असतं. मुलगा अमेरिकेतून सही पाठवतो. खाणावळवालीला निदान चाळ तरी होती. तिची ओळख, तिची पत, तिच्या अडीनडीला धावणारे लोक त्याच जिन्यावर होते. मावशीला ब्यूरो आहे, आणि आजोबा गेले की दुसऱ्या दिवसापासून दुसरा पत्ता. जवळीक तासांवर विकत मिळते याची तक्रार मी करत नाही. ती देणाऱ्या बाईला शोक करायला एक दिवसाची भरपगारी रजाही मिळत नाही, ही तक्रार आहे.

मग करायचं काय? मला वाटतं, प्रौढ माणसाला आपलं माणूस स्वतः नेमता यावं: उपचाराची संमती, घराचं भाडेपत्र, पेन्शन, अंत्यसंस्कार, यांसाठी. त्यात लैंगिक संबंध आहे की नाही, हे कुणी विचारू नये. ती बहीण असो, मैत्रीण असो, मावशी असो. धोका ठाऊक आहे. गुजरातेत एके काळी मैत्री करार निघाले होते. लग्न झालेल्या पुरुषांनी दुसऱ्या बाईला कुठलीही जबाबदारी न घेता ठेवायला ते वापरले. म्हणून कराराइतकंच पोटगीचं, राहत्या छपराचं बघावं लागेल. बाईच्या हातात पैसा नसेल तर निवड हा शब्द चैनीचाच राहतो.

फोन करणाऱ्या त्या स्नेह्यांचा लेख या अंकात आहे, एक ओळ न कापता. करोनात आपल्याला पोटच्या पोरांनीच सांभाळलं, मंडळांनी आणि मित्रांनी नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. शेवटी पाणी कोण पाजणार, असं विचारलं आहे. त्यांचं त्यांना खरं आहे. ज्यांची पोरं आली नाहीत त्यांचेही लेख पुढच्या पानांवर आहेत.

अंकाच्या शेवटी कवितांऐवजी यंदा वकिलांकडून तपासून घेतलेली चार पानं आहेत: मृत्युपत्र कसं करावं. साधा कागद चालतो, सही आणि दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. स्वकष्टाची मिळकत कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवू शकता. बँकेत नाव लावलेला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे वाक्य आम्ही मुद्दाम मोठ्या टाइपात छापलं आहे. बहुतेक जण तिथेच फसतात.