कोण म्हणते?

दिवाळी अंकात माणसाने गोड लिहावे असा संकेत आहे. चकलीच्या शेजारी कारल्याची भाजी कुणी वाढत नाही. पण यंदा मला एका चुकीची कबुली द्यायची आहे, आणि फराळाच्या निमित्ताने सारे घर एकत्र बसलेले असताना ती दिलेली बरी. कारण ही चूक उद्या तुमच्या घरातही होऊ शकते.

आम्ही अमरावतीचे. माझी थोरली बहीण अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाजवळ राहते. घरात ती, भाऊजी आणि तिच्या सासूबाई. सासूबाई पंच्याऐंशीच्या, खाटेवरून उठणे नाही. श्रावणातली रात्र होती. पाऊस लागून राहिलेला. साडेदहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर कुठूनशी एक ध्वनिफीत आली. आवाज अगदी बातम्या देणाऱ्याचा. शांत, स्वच्छ, भारदस्त. धरणाचे सर्व दरवाजे उघडले आहेत, मोर्णाकाठच्या नागरिकांनी मध्यरात्रीपूर्वी घरे सोडावीत, एवढे मी ऐकले. दुसऱ्यांदा ऐकण्याचे सुचलेही नाही. फीत ताईला धाडली आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले, 'ताबडतोब निघा.'

पुढचे सारे ताईकडून कळले. २०२१ च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत खरोखरच शिरले होते, त्यामुळे तिथे पुराची थट्टा कुणी करत नाही. भाऊजींनी शेजारची दोन मुले बोलावली, सासूबाईंना खाटेसकट उचलले, वर मेणकापड घातले आणि भर पावसात चार घरे पलीकडच्या माडीवर नेऊन ठेवले. रात्रभर गल्ली जागी राहिली. मोर्णा होती तिथेच होती. सासूबाईंना मात्र ताप भरला, तो आठ दिवस उतरला नाही.

पुढच्या रविवारी मी खाली मान घालून अकोल्याला गेलो. ताईने चहा पुढे ठेवला आणि विचारले, "काऊन रे, तुले कोनं सांगतलं होतं?"

"अगं, बातम्यांत होतं."

"कोनत्या बातम्यांत? कोन म्हने?"

मी मोबाइल काढला. फीत सगळ्यांसमोर पुन्हा लावली. बोलणाऱ्याचे नाव नाही, केंद्राचे नाव नाही, तारीख नाही. आणि पहिलेच वाक्य असे: 'अकोला जिल्ह्यातील एका महान धरणाचे सर्व दरवाजे उघडण्यात आले आहेत.'

ताईला हसू आवरेना. "महान म्हंजे गाव हाय बाप्पा, बार्शीटाकळी तालुक्यातलं! अन् ते धरण काटेपूर्णेवर हाय. महानचं पानी आमच्या नळाले येते, मोर्णेले नाही!"

"मग हे त्याच रात्री का नाही लक्षात आलं?"

"ऐकलीच कोनं ती फीत? तुह्यं 'ताबडतोब निघा' वाचलं अन् उठलो."

वाचकहो, त्या फितीतल्या आवाजाने ताईला घराबाहेर काढले नव्हते. मी काढले होते. वार्ता ननावी होती. तिला नाव दिले ते मी.

माझा भाचा या नव्या विद्येत मुरलेला आहे. त्याच्या मते आवाज तर यंत्राचा होताच, पण मजकूरही बहुधा यंत्रानेच दुसऱ्या भाषेतून मराठीत उतरवलेला असावा. यंत्राने माणसांचे बोलणे आणि लिहिणे अफाट प्रमाणात पचवलेले असते. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा त्याचा अंदाज दांडगा. पण महान या गावी ते कधी पाणी प्यालेले नसते. त्याला धरण दिसत नाही. त्याला शब्द दिसतात.

आवाजाची ही नक्कल तशी नवी नाही. १९४० साली जर्मनांची स्वारी इंग्लंडवर येणार अशी धास्ती होती. शत्रू रेडिओवरून खोटा निवेदक बोलता करील, या भीतीने बीबीसीचे निवेदक बातम्यांच्या आरंभी आपले नाव सांगू लागले, म्हणजे लोकांना खऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा व्हावा. पुढे यॉर्कशायरच्या बोलीचा ढंग असलेले विल्फ्रेड पिकल्स बातम्यांसाठी आणले गेले. त्या ढंगाची नक्कल शत्रूला अवघड जाईल, असा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. आमच्या ताईची वऱ्हाडी अशीच कामाला आली म्हणायची!

आकाशवाणीवरही आपण तीच रीत पाळत आलो. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. घराघरांत बातम्या लागल्या की आधी देणाऱ्याचे नाव कानी पडायचे. ते नाव आपण सवयीने सोडून द्यायचो. त्या नावात केवढे आश्वासन होते, ते आता कळते.

यंत्राला शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या जागी यंत्रे आली, आपले वाचन काही त्यामुळे बिघडले नाही. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ पासून 'क्रिश' आणि 'भूमी' असे दोन यंत्रनिर्मित निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे सांगण्यात आले. ते यंत्र आहेत हे वाहिनीने स्वतःच जाहीर केले. यात फसवणूक नाही. भाषणाची टिपणे काढणे, परभाषेतला मजकूर मराठीत आणणे, ही कामे यंत्राने जरूर करावीत. प्रश्न त्यानंतरचा आहे. ते वाचून पाहणार कोण?

युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने आणि बीबीसीने २०२५ साली १८ देशांतल्या २२ संस्थांना बरोबर घेऊन यंत्रांना बातम्यांवर प्रश्न विचारले. १०० उत्तरांपैकी ४५ उत्तरांत निदान एक तरी मोठा दोष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या 'शिकागो सन टाइम्स'मध्ये उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तके जगात कुणी लिहिलेलीच नव्हती! लेखक खरे, पुस्तके यंत्राच्या कल्पनेतली. पूर्वी अशा घोटाळ्याचे खापर मुद्राराक्षसावर फुटायचे. आता नवा राक्षस मिळाला आहे.

आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, मतदानाच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या म्हणून काही ध्वनिफिती फिरल्या. दोघांनीही त्या नाकारल्या. बातम्यांची पडताळणी करणाऱ्या 'बूम' या संस्थेला त्यांतल्या बहुतेक फितींत यंत्रनिर्मित आवाजाची लक्षणे आढळली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले भाषण यंत्राकडून ऐकवले गेले. ते कुणाला रुचले, कुणाला नाही. पण ऐकणाऱ्याला ठाऊक होते की हा आवाज बनवलेला आहे. दोन्हींतला फरक एवढाच, आणि एवढाच पुरेसा आहे.

आम्हा वऱ्हाडकरांना या गोष्टीची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरच्या त्रिपुरातल्या घटनांवरून, खऱ्याखोट्याची सरमिसळ झालेल्या वार्तांच्या धुरळ्यात, आमच्या अमरावतीत दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडले. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल झाली आणि एका माणसाचा जीव गेला. तेव्हा कुणाचा आवाज बनवण्याचीही गरज पडली नव्हती. आता तर मिनिटभरात हवा तो आवाज मिळतो.

मग उपाय काय? माझ्या मते तो जुनाच आहे. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव घालणे सक्तीचे केले. इंग्रज सरकारचा हेतू काही उदात्त नव्हता; कुणाला धरायचे हे त्याला कळायला हवे होते. पण त्या ओळीमुळे वाचकालाही कळू लागले की या शब्दांमागे एक माणूस उभा आहे. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांसाठी लोकमान्यांनी सहा वर्षांची शिक्षा पत्करली. हे दुसऱ्याने लिहिले, असे म्हणून ते सुटू पाहिले नाहीत. तो जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला आहे, पण नावाची गरज काही गेलेली नाही.

तेव्हा वृत्तपत्राने, वाहिनीने यंत्र खुशाल वापरावे. पण वापरले तिथे तसे सांगावे. मजकूर बाहेर पडण्यापूर्वी महान गाव कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाच्या नजरेखालून तो जावा. आणि चूक झालीच तर 'यंत्राने केली' असे म्हणू नये. यंत्र ताईच्या दारी येऊन चहाच्या कपासमोर मान खाली घालू शकत नाही. ते माणसालाच करावे लागते.

आमच्या घरापुरता ताईने नियम केला आहे. कुणीही काही धाडले की खाली लिहायचे, कोण म्हणते. लिहिता येत नसेल तर धाडायचे नाही. तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या गटात बरीच शांतता आहे.

निघताना भाऊजी मला दारापर्यंत पोहोचवायला आले. हळूच म्हणाले, "आईचा ताप उतरला, ते ठीक झालं. पण पुढच्या पावसाळ्यात खरंच पाणी आलं अन् तुम्ही कळवलं, तर मी उठू की नको?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मला आता हळूहळू, एकेका खऱ्या निरोपाने मिळवावे लागणार आहे.

असो. अंक खाली ठेवण्यापूर्वी मुद्रक-प्रकाशकांच्या नावाची ती बारीक ओळ एकदा शोधून वाचा. या लेखात काही चुकले असेल, तर कुणाला विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असायला हवे.