दोन चाव्यांची शांतता

आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणावर जी बोगनवेल फुलते, तिला एका फ्रेंच दर्यावर्दीचे नाव आहे. त्याच माणसाचे नाव पॅसिफिक महासागरातल्या एका बेटालाही मिळाले. १७६८ मध्ये तो त्या किनाऱ्याजवळून गेला, एवढाच त्याचा त्या भूमीशी संबंध. ही बोगनव्हिलची भूमी आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडी लहान आणि वस्ती आज तीन लाखांच्या आसपास. नकाशावर तो पापुआ न्यू गिनी या देशाचा भाग. राजधानी पोर्ट मोरेस्बी तिथून हजारेक किलोमीटर दूर, आणि नातीगोती मात्र शेजारच्या सॉलोमन बेटांशी. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधला सर्वांत रक्तरंजित संघर्ष या चिमुकल्या प्रांतात झाला. १९८८ ते १९९८ या दहा वर्षांत पंधरा ते वीस हजार माणसे मेली, असा आकडा नेहमी दिला जातो. त्यातली पुष्कळशी गोळीने मेली नाहीत. १९९० पासूनच्या नाकेबंदीत औषध मिळाले नाही म्हणून मेली.

या संघर्षाचे मूळ ‘विकासा’त आहे. पांगुना येथे तांब्याची अजस्र खाण १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियाचे राज्य होते. त्याआधीच, १९६९ मध्ये, रोरोवाना गावच्या बायका जमीन वाचवण्यासाठी बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या होत्या आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला होता. बायकाच का, हे समजून घेतले पाहिजे. या प्रांताच्या बहुतांश भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते. तिथे सातबारा असता, तर त्यावर आजी, आई आणि लेक यांचीच नावे दिसली असती. गोऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र वाटाघाटी केल्या त्या पुरुषांशी. ज्याची जमीन नाही त्याची सही घ्यायची आणि कागद पुरा झाला म्हणायचे, हा प्रकार तारण कर्जात किती महागात पडतो हे बँकेत चार वर्षे काढलेला कोणताही माणूस सांगेल.

हिशेबही पाहावा. १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या पापुआ न्यू गिनीच्या निर्यातीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकेकाळी ही एकटी खाण देत होती. खाणीच्या साऱ्या काळातल्या उत्पन्नाची वाटणी पाहिली, तर साठ टक्क्यांहून अधिक वाटा मध्यवर्ती सरकारकडे आणि सुमारे तिसरा हिस्सा परदेशी भागधारकांकडे गेला. प्रांताच्या वाट्याला पाच टक्क्यांच्या आत आणि जमीनवाल्यांच्या हाती एक-दीड टक्का आला. त्या बदल्यात शंभर कोटी टनांहून अधिक खाणकचरा कावेराँग आणि जाबा या नद्यांत ओतला गेला. फ्रान्सिस ओना हा खाणीतलाच एक माजी कर्मचारी. त्याने नुकसानभरपाई म्हणून एक हजार कोटी किना मागितले तेव्हा लोक हसले. १९८८ च्या अखेरीस त्याच्या माणसांनी खाणीतलीच स्फोटके वापरून विजेचे मनोरे पाडले, आणि १९८९ च्या मे महिन्यात खाण बंद पडली ती पडलीच.

पुढचे युद्ध सरळ दोन बाजूंचे राहिले नाही. बंडखोर सेनेविरुद्ध सरकारने स्थानिकांचीच दुसरी सशस्त्र फळी उभी केली, आणि भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. लष्कराला हे जमेना तेव्हा १९९७ च्या आरंभी पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी सँडलाइन नावाच्या कंपनीशी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार करून भाडोत्री सैनिक आणले. लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनी त्या भाडोत्र्यांनाच पकडले आणि पंतप्रधानांकडे राजीनामा मागितला. चॅन यांना बाजूला व्हावे लागले. शांततेच्या इतिहासांत या नाट्याला पहिले पान मिळते, ते मला तितकेसे पटत नाही. सँडलाइनने युद्ध अशक्य केले हे खरे, पण शांतता शक्य केली ती दुसऱ्याच माणसांनी, आणि त्यांचे काम आधीपासून चालू होते.

१९९२ मध्ये हेलन हाकेना आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी बुका बेटावर ‘लेइताना नेहान’ ही संस्था काढली. चर्चमधल्या बायकांनी मूक मोर्चे काढले. १९९६ मध्ये आरावा येथे सुमारे सातशे स्त्रिया आठवडाभर एकत्र बसल्या. कित्येक आया स्वतः जंगलात शिरल्या आणि बंदूक घेतलेल्या मुलाला हाताला धरून घरी घेऊन आल्या. जमीन त्यांची, म्हणून शब्दालाही वजन होते. १९९७ मध्ये न्यूझीलंडमधल्या बर्नहॅम येथे वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा कराराचे मसुदे नवे होते. तो करार पेलणारी जमीन मात्र आधीच नांगरलेली होती.

तिथल्या समेटाची रीत सांगण्यासारखी आहे. दोन कुळे समोरासमोर बसतात. कोणी कोणाला मारले आणि प्रेत कुठे पुरले, हे सर्वांदेखत सांगावे लागते. अस्थी परत केल्या जातात. डुकरे आणि शिंपल्यांच्या माळा दिल्या-घेतल्या जातात. धनुष्यबाण मोडतात, आणि मग दोन्ही बाजू एकत्र सुपारी चघळतात. सुपारी फुटली की बोलणी पक्की, हे आपल्याला समजावून सांगायला नको! पण देवघेवीला मुडद्याची किंमत समजणे चूक ठरेल. बँकेत बुडीत कर्ज मुख्य कचेरीच्या एका ओळीने निर्लेखित होते. समोरच्याचे तोंडही पाहावे लागत नाही. तिथे खाते बंद होण्यासाठी समोरच्याबरोबर जेवावे लागते. याला वर्षे लागतात, आणि पैसे देणाऱ्या परदेशी संस्थांना आर्थिक वर्षाच्या अखेरीस अहवाल हवा असतो. दोन्ही घड्याळे कधी जुळली नाहीत.

बाहेरच्यांनीही एक शहाणपण दाखवले. १९९७ च्या अखेरीपासून २००३ पर्यंत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी आणि वानुआतूचे निरीक्षक तिथे राहिले ते निःशस्त्र. बंदूक नाही म्हटल्यावर त्यांच्या रक्षणाची जबाबदारी आपोआप गावांवर आली.

आणि हत्यारांचे काय? त्याची योजना २००१ मध्ये दोन्ही लढाऊ गटांनी आपसांत बसून ठरवली. हत्यारे आधी गावच्या कमांडरकडे पेटीत जमा करायची. मग त्या पेट्या मोठ्या कंटेनरमध्ये ठेवायच्या आणि त्याला दोन कुलपे लावायची. एक चावी कमांडरकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे. हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्या स्ट्राँग रूमचीही एक चावी कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असे. या व्यवस्थेत कोणी कोणावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षाच नसते. विश्वास नसतानाही एकत्र काम कसे करायचे, याची ती सोय असते. हत्यारे बंद झाल्याशिवाय स्वायत्ततेचा कायदा अमलात यायचा नाही, अशी सांगडही घातली होती. काही पेट्यांची कुलपे फुटली, काही बंदुका कधी आल्याच नाहीत, आणि ओना तर २००५ मध्ये मरेपर्यंत पांगुनाच्या वेशीआडच राहिला. तरीही त्याच वर्षी प्रांताचे स्वायत्त सरकार निवडून आले.

त्या विधानसभेत स्त्रियांना तीन आणि माजी सैनिकांना तीन जागा राखीव आहेत. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक वॉर्डातून एक पुरुष आणि एक स्त्री निवडून देणे बंधनकारक झाले. पंचायतीत निम्म्या जागा देणाऱ्या महाराष्ट्राने हे कुतूहलाने पाहावे. मात्र चित्र गोंडस करण्यात अर्थ नाही. गावठी दारू आणि घरातली मारहाण युद्धाबरोबर संपली नाही. लेइताना नेहानच्या बायकांचे बरेच काम त्याच आघाडीवर चालते.

पैशाची गोष्ट तर आणखी अवघड. युद्धानंतर लोकांनी छोट्या बागांतून कोको लावला, सुकवण्याच्या भट्ट्या उभारल्या, आणि काही वर्षांत उत्पादन जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आणले. खाणीने कधी दिला नाही असा पैसा थेट घरात आला. मग २००९ च्या सुमारास शेंगा पोखरणारी अळी आली. बँकेची शाखा दूर, हातात थोडी रोकड, आणि अशा जागी जे होते ते झालेच: यू-व्हिस्ट्रॅक्ट नावाच्या योजनेने महिन्याला शंभर टक्के परतावा कबूल केला. तिचा जनक पुढे सिवाई भागातल्या टोनू गावी स्वतःला राजा म्हणवून राहू लागला. मी हे विनोद म्हणून सांगत नाही. राज्याने आणि कंपनीने फसवलेल्या माणसाला चमत्काराचे वचन अधिक खरे वाटते.

२०१९ च्या अखेरीस सार्वमत झाले. १ लाख ७६ हजार ९२८ मते स्वातंत्र्याला, म्हणजे जवळपास ९८ टक्के. पण करारात एक कलम होते: निकाल बंधनकारक नाही, अंतिम शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा. म्हणजे इथेही दोन चाव्याच. जुने बंडखोर कमांडर इश्माएल तोरोआमा २०२० मध्ये प्रांताचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख पुढे केली. १९७५ मध्ये याच तारखेला बोगनव्हिलने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले होते, जे कोणी मानले नाही. २०२५ च्या जूनमध्ये दोन्ही सरकारे पुन्हा बर्नहॅमला बसली.

पण स्वतंत्र देशाला महसूल लागतो, आणि प्रांताचे स्वतःचे उत्पन्न खर्चाच्या मानाने अगदीच तोकडे. त्यामुळे नजर पुन्हा पांगुनाकडे वळते. रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपले ५३.८ टक्के भाग दोन्ही सरकारांना देऊन टाकले आणि काढता पाय घेतला. सफाईची जबाबदारी नाकारली. १५६ रहिवाशांनी २०२० मध्ये तक्रार केल्यावर तपासणीला पैसे दिले, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या अहवालात ढासळू पाहणारी बांधकामे, गाळाने भरलेली पात्रे आणि माणसांच्या जिवाला असलेला धोका नोंदला गेला. त्याच वर्षी खाणीचा शोधपरवानाही पाच वर्षांसाठी वाढवून मिळाला.

प्रांताने २०१५ मध्ये केलेला खाण कायदा सांगतो की खनिजे जमिनीच्या परंपरागत मालकांची आहेत आणि त्यांना नकाराधिकार आहे. ते मालक म्हणजे पांगुनाभोवतीची कुळे, आणि कुळांत शेवटचा शब्द आजीबाईंचा. त्यांच्यात खाणीवरून एकमत नाही. काहींना रोजगार हवा आहे, काहींना आधी नदी हवी आहे. धनुष्यबाण मोडायला त्यांना पाच-पाच, दहा-दहा वर्षे लागली होती. त्या मानाने २०२७ चा सप्टेंबर फार जवळचा आहे.