अंगठा आणि बटण

वांकिडी हे गाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राची हद्द लागण्यापूर्वी ते येते. निजामाच्या अमदानीत वांकिडी आणि राजुरा ही दोन्ही एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. 1956 साली राज्यांची भाषावार वाटणी झाली तेव्हा राजुरा मुंबई राज्यात गेले आणि वांकिडी आंध्र प्रदेशात राहिले. पुढे 2014 साली राज्याचे नाव बदलले आणि 2016 साली जिल्हाही बदलला. आता त्या जिल्ह्याला कुमरम भीम आसिफाबाद म्हणतात. सरकारी पाट्या इतक्या वेळा फिरल्या, परंतु तेथील कित्येक घरांतील मराठी मात्र हलली नाही. आपल्या शहरातील जुन्या मराठी घराण्यांना ही अवस्था नवी नाही. दरबारची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि देवघरातली तिसरी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो.

गेल्या पेरणीच्या सुमारास मी वांकिडीस माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. वयाने तो वडील, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दादाने कापसाच्या बियाण्यासाठी पंधरा हजार रुपये कर्ज काढले होते. त्यासाठी तो बँकेत गेला नाही की सावकाराच्या ओसरीवरही बसला नाही. मोबाईलवर एक ॲप घेतले, चार ठिकाणी बोट लावले आणि दहा मिनिटांत पैसे खात्यावर आले. मात्र ते पंधरा हजार नव्हते, साडेबारा हजार होते. उरलेले कोणकोणत्या शुल्कापोटी कापले गेले ते त्याला आजही ठाऊक नाही. पुढे हप्त्याला चार दिवस उशीर झाला, आणि पाचव्या दिवशी त्याच्या मुलीच्या सासऱ्यांना परक्या माणसाचा फोन गेला की तुमचे व्याही कर्जबुडवे आहेत. सासऱ्यांचा नंबर कंपनीला कोणी दिला? दादानेच दिला होता. कर्ज घेताना फोनमधील सगळी नावे पाहण्याची परवानगी कंपनीने मागितली होती आणि त्याने ती दिली होती.

मी त्याला विचारले, "अरे दादा, हे वाचले नव्हतेस का?" तो म्हणाला, "वाचतो काय भाऊ, सारं इंग्रजी होतं. मराठी तं नव्हतंच. खाली बटन होतं, थे दाबलं."

मी ते करारपत्र उघडून पाहिले. माझी उमेदीची वर्षे कोर्टकचेरीच्या कागदांत गेली आहेत, तरीही त्या बारीक अक्षरांतून तासाभरात मला अर्धामुर्धाच अर्थ लागला. मग कापसाचे बियाणे घेण्यासाठी उभ्या उभ्या बटण दाबणाऱ्या माणसाने त्यातून काय समजून घ्यायचे? कायदा त्याच्या त्या दाबण्याला 'संमती' म्हणतो. माझ्या मते ही संमती नव्हे. जे वाचता येत नाही आणि जे कोणी वाचूनही दाखवले नाही, त्याला माणूस बांधला जातो हे मानणे न्यायाला धरून नाही.

हे म्हणणे माझ्या पदरचे नाही, आपल्याच मुलखात ते एकदा कायद्याने मान्य झालेले आहे. 1875 सालच्या 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्या दंग्यांत एक गोष्ट विशेष होती. लोकांचा रोख मुख्यतः रोख्यांवर, खतांवर आणि कर्जाच्या कागदांवर होता. कागद हाती लागले की ते जाळीत. अक्षरशत्रू कुणब्याने ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे सावकाराला माहीत आणि कुणब्याला नाही, हेच त्या संतापाचे मूळ होते.

सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्यात तीन तरतुदी होत्या, त्या आजही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, तो त्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच त्याची निशाणी घ्यावी. दुसरी अशी की कर्जदाराला भरण्याची पावती आणि वर्षाचा हिशेब मिळावा. तिसरी सर्वांत धाडसी होती. फिर्याद कोर्टात आली म्हणजे न्यायाधीशाने रोख्यावरील आकडा पाहून थांबू नये, तर व्यवहार मुळापासून तपासावा आणि खरोखर दिले किती, घेतले किती, हे शोधावे. कागदाच्या मागे जाण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. परकी राजवट, तीही दंग्याच्या धास्तीने हलली. पण तिने हे मान्य केले की अंगठा म्हणजे समज नव्हे.

त्या कायद्याने सारे आबादीआबाद झाले असे मी म्हणणार नाही. सावकारही काही कमी नव्हते. गहाणाचे कागद तपासले जातात असे दिसताच त्यांनी गहाणाऐवजी खरेदीखते करून घेण्यास प्रारंभ केला. शिवाय तो कायदा निजामाच्या राज्यात नव्हता, म्हणून वांकिडीच्या माणसाला त्याचा लाभ नव्हताच. तथापि तत्त्व सांगून झाले होते, आणि तत्त्व एकदा सांगितले गेले की ते पुन्हा कोठेतरी उगवते.

तसे ते उगवलेही. रिझर्व्ह बँकेने 2022 सालच्या सप्टेंबरात मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी नियम घालून दिले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील नावांची यादी, कॉलची नोंद किंवा फायली यांना हात लावू नये, असे त्यात स्पष्ट आहे. पुढे 2024 सालच्या 15 एप्रिलच्या परिपत्रकाने सांगितले की कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात द्यावी, ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, ते त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी. त्या पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून वसूल करता येत नाही. एकशेपंचेचाळीस वर्षांनंतर सुप्याचा धडा पुन्हा गिरवला गेला म्हणावयाचे. परंतु हे नियम रिझर्व्ह बँकेच्या ताब्यातील संस्थांना आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांना बांधतात. दादाला पैसे देणारी कंपनी कोणाच्या वतीने देत होती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि विचारावे हे त्यालाही सुचले नव्हते.

आता हा प्रश्न केवळ कर्जाचा नाही. पूर्वी सावकार गावातला होता. त्याचे घर दिसे, त्याच्याशी भांडता येई, त्याच्या घरच्या लग्नाला जावे लागे. आजच्या कंपन्यांना घर नाही. 2021 सालच्या जानेवारीत व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या आणि हिंदुस्थानातील कोट्यवधी लोकांना कळवले की या मान्य करा, नाहीतर सेवा विसरा. आपल्या घरातील लग्नपत्रिका, सुतकाची वार्ता आणि नातवंडांची छायाचित्रे ज्या वाटेने येतात ती वाट सोडून जायचे कोठे? भारतीय स्पर्धा आयोगाने 2024 सालच्या 18 नोव्हेंबरला याच मुद्द्यावर व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला 213.14 कोटी रुपयांचा दंड केला. 'घ्या नाहीतर सोडा' अशा रीतीने घेतलेली मान्यता म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, असे आयोगाने म्हटले. अपील न्यायाधिकरणाने 2025 सालच्या नोव्हेंबरात दंड कायम ठेवला, मात्र जाहिरातींसाठी माहितीची देवाणघेवाण करण्यावरील पाच वर्षांची बंदी उठवली. दंडाची रक्कम सरकारजमा होते. ज्यांच्याकडून मान्यता वदवून घेतली त्यांच्या वाट्याला त्यातील एक पैसाही येत नाही.

हाच दोष आपल्या नव्या कायद्यातही आहे. 2017 सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 साली, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याचे नियम 2025 सालच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 सालच्या मे महिन्यात, अंमलात यावयाची आहेत. कसूर करणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण ज्याची माहिती उघडी पडली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या सामान्य माणसाला मात्र दहा हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे अगदी म्हणता येणार नाही. पण संन्याशाला दरडावून ठेवले आहे खास.

तरीही या कायद्यात एक कलम असे आहे की ज्यासाठी मी हा लेख लिहावयास बसलो. संमती मागणारा मजकूर साध्या, स्पष्ट भाषेत असावा आणि तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला मिळावी, असे ते कलम सांगते. या परिशिष्टात बावीस भाषा आहेत आणि मराठी त्यांत आहे. या कलमात राज्याची हद्द नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. वांकिडीचा मराठी माणूस तेलंगणात राहतो म्हणून त्याचा हक्क तेलुगूपुरता उरत नाही. आपल्यासारख्या, मराठी राज्याबाहेर राहिलेल्या माणसांना भाषेचा इतका रोकडा हक्क क्वचितच कोणी दिला असेल. आता तो मागून घेणे आपल्याकडे आहे.

मात्र वांकिडीच्या आसपासच्या पाड्यांवर राहणाऱ्या गोंड शेजाऱ्याला हा हक्क नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29.8 लाख लोक होते, परंतु गोंडी आठव्या परिशिष्टात नाही. ज्या जिल्ह्याला कुमरम भीमाचे नाव दिले त्याच जिल्ह्यात त्याच्या भाषेला संमतीपत्रात जागा नसावी, हे मनाला लागते. 1940 साली जोडेघाटाच्या डोंगरात भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यास पाठवले आणि 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला. तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापलेले होते. निजाम सरकारला जे जमले ते आजच्या धनाढ्य कंपन्यांना अवघड जाऊ नये.

कोणी म्हणेल की मराठीत लिहिले तरी वाचतो कोण? हा आक्षेप खरा आहे. मी स्वतःही मराठीतील विम्याची पत्रके पूर्ण वाचलेली नाहीत. म्हणूनच भाषा मिळाली की काम संपले असे मी मानत नाही. 1879 च्या कायद्याने वाचून दाखवण्यावर भिस्त ठेवली नाही, कोर्टाला कागदाच्या मागे जाऊ दिले. आज त्याची जागा ग्राहक कायद्याने घ्यावी. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा देशात ग्राहकांचा वेगळा कायदाच नव्हता. तो बारा वर्षांनी आला. 2019 च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आणि अन्याय्य करार ही कल्पनाही प्रथमच लिहून ठेवली. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अर्ज संगणकावरून जातो हे खरे, परंतु पंधरा हजारांच्या कर्जासाठी वांकिडीचा शेतकरी हैदराबादच्या आयोगाशी झगडत बसेल काय? शिवाय कायद्याच्या लेखी मोल देणारा तो ग्राहक. ज्या सेवा फुकट म्हणून दिल्या जातात त्यांत आपण पैशाऐवजी आपली माहिती देतो, आणि त्या मोलाला कायदा अजून मोल मानावयास तयार नाही.

तेव्हा माझे मागणे थोडक्यात असे आहे. अन्याय्य कराराचा न्याय जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावा. माहिती हेही मोल धरले जावे. कसुरीचा दंड झाला तर त्यातील वाटा नुकसान झालेल्यास मिळावा. आणि जो मजकूर माणसाच्या भाषेत दिला गेला नाही, त्यावरील बटण कोर्टाने कोरे समजावे.

हे होईपर्यंत आपण एक करू शकतो. जुन्या काळी प्रत्येक वाड्यात एखादा शहाणा माणूस असे. शेजारपाजारचे लोक सरकारी कागद घेऊन त्याच्याकडे येत, आणि तो उर्दू वाचून मराठीत सांगे. त्याचे काही मोल घेण्याची रीत नव्हती. आपल्या वाचनालयांतून आणि मंडळांतून आठवड्यातील एक संध्याकाळ या कामाला दिली तर कोणाचे फार जाणार नाही. आपल्यात निवृत्त वकील, बँकेतील माणसे आणि इंग्रजी शिकलेली तरुण मुले आहेत. कागद मात्र आता फोनमध्ये आहे, इतकाच फरक.

दादाचे कर्ज फिटले. व्याह्यांकडे तो स्वतः जाऊन आला, पावती दाखवून आला. परतताना मला म्हणाला, "पैशाचं काही नाही भाऊ. पोरीच्या घरी मान खाली घालून बसलो, थे कोण भरून देईल?" याचे उत्तर आजच्या कायद्यात नाही. ते असावे म्हणून हे लिहिले.