डागडुजी कोणती आणि सुधारणा कोणती?

सुरत जिल्ह्यातील कामरेजहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. वडिलांनी बांधलेल्या घराच्या मागील दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांनी तेथील फुटकी कौले बदलली, भिंतींना गिलावा केला आणि त्याच गवंड्याकडून एक नवी खोली व मोरीही बांधून घेतली. हा सर्व खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होईल काय, असे ते विचारतात. कर चुकवावयाचा नाही, परंतु अज्ञानामुळे अधिकही भरावयाचा नाही, ही त्यांची वृत्ती आम्हांस रास्त वाटते. जकातीच्या चौकीवर बसलेल्या मत्तयाला प्रभूने शिष्य केले. तेव्हा या पानावर कराची चर्चा कोणास खटकू नये.

उत्तर थोडे विचित्र आहे. भाड्याच्या उत्पन्नापुरता हा भेद कायदा पाहतच नाही. १९२२ च्या आयकर कायद्यात, दुरुस्तीचा भार मालकाने उचलला असल्यास, वार्षिक मूल्याचा सहावा हिस्सा वजा मिळे. २००२-०३ या आकारणी वर्षापासून सरसकट शेकडा ३० वजा मिळतात. समजा, दरमहा ८,००० रुपये भाडे आहे. वर्षाचे ९६,००० झाले. त्यातून मालकाने स्वतः त्या वर्षी भरलेली २,००० रुपये घरपट्टी गेली, राहिले ९४,०००. त्याचे शेकडा ३० म्हणजे २८,२०० वजा जाता करपात्र रक्कम ६५,८००. कौलांवर ८०,००० खर्च झाले तरी वजावट २८,२०० च, आणि वर्षभर एक खिळाही ठोकला नाही तरी तितकीच. दुरुस्तीसाठी वा बांधकामासाठी कर्ज काढले असल्यास त्याचे व्याज मात्र निराळे वजा मागता येते.

मग भेद कोठे उपयोगी पडतो? घर विकताना. नव्या खोलीचा खर्च ही 'सुधारणा' होय. ती घराच्या मूळ किमतीत मिळविली जाते आणि विक्रीतील नफा तितका कमी होतो. गिलाव्याचा व रंगाचा खर्च तसा मिळविता येत नाही. कसोटी कोणती? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५६ साली न्यू शोरॉक गिरणीच्या खटल्यात ती सांगितली: असलेली वस्तू जपण्यासाठी केलेला खर्च ती दुरुस्ती, नवी वस्तू वा नवा लाभ निर्माण झाला तर ती दुरुस्ती नव्हे. खटला धंद्याच्या मालमत्तेचा होता, परंतु घरालाही हा विचार लागू पडण्याजोगा आहे. १९९७ साली एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी मान्य केली.

वारशाने आलेल्या घरात वडिलांनी केलेली सुधारणाही धरली जाते. मात्र १ एप्रिल २००१ पूर्वीचे घर असल्यास त्या तारखेचे बाजारमूल्य घेता येते, आणि सुधारणा त्यानंतरचीच मोजतात. येथेच आपली कुटुंबे फसतात. खर्च झालेला असतो, पावती नसते. वडील गेल्यावर विधवा आई आणि बहिणी घर विकावयास निघतात, तेव्हा वाढविलेल्या खोलीचा एक रुपयाही दाखविता येत नाही आणि कर पूर्ण नफ्यावर बसतो.

म्हणून कामरेजच्या बंधूंनी गवंड्याकडून दोन निरनिराळ्या पावत्या मागून घ्याव्यात, एक कौले व गिलाव्याची आणि दुसरी नव्या खोलीची. दुसरी पावती, सिमेंट-विटांची बिले व ग्रामपंचायतीची परवानगी ही घराच्या दस्तऐवजाच्याच पेटीत ठेवावीत. गवंडी दुसऱ्या गावी कामाला जाण्यापूर्वीच त्याची सही घेतलेली बरी.