नाइटनंतरची सकाळ

ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता खाटा वाढतील, अतिदक्षता विभाग वाढेल, आणि नाइटही वाढतील. त्या बहुतांशी परिचारिकाच करतील. म्हणून या वेळी अधिसेविका आणि परिसेविकांशीच बोलायचे आहे. ड्युटी लिस्ट त्यांच्या हातात असते.

रात्रपाळीचा शीण बायकांना जास्त जाणवतो, असे आपण ऐकतो आणि ‘बायकांची तब्येत नाजूक’ म्हणून सोडून देतो. शरीरात फरक आहे, पण थोडा. 2011 च्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांच्या शरीरातील घड्याळाचा फेरा सरासरी 24 तास 5 मिनिटांचा, तर पुरुषांचा 24 तास 11 मिनिटांचा आढळला. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाने 2016 मध्ये दाखवले, की रात्र संपता संपता, सकाळी सहाच्या सुमारास, बायकांचे लक्ष आणि स्मरण पुरुषांपेक्षा अधिक ढासळते. अभ्यास अवघ्या 34 जणांचा. त्यावर कोणी धोरण उभारू नये. पण नेमक्या त्याच वेळी आपल्या वॉर्डात इंजेक्शने, रक्ताचे नमुने आणि चार्ज देण्याची घाई असते. पहाटेचे जोखमीचे औषध दोघींनी मिळून तपासावे, एवढे तर ठरवता येईल.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, पुरुष 21.9 टक्के. रुग्णाचे हिमोग्लोबिन रोज लिहिणाऱ्या सिस्टरने स्वतःचे शेवटचे कधी तपासले?

पण खरा फरक पडतो तो सकाळी आठनंतर. चार्ज देऊन सिस्टर एसटीने गावी पोहोचते. रब्बीत शेतीच्या फीडरला वीज रात्रीची असेल, तर नवराही रात्रभर गव्हाला, हळदीला पाणी देऊन नुकताच आलेला असतो. रात्र दोघांनीही जागून काढलेली असते. तो हातपाय धुऊन आडवा होतो, आणि घर त्याला झोपू देते, ते योग्यच आहे. ती मात्र स्वयंपाकाला लागते. मग धुणे, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेतून परतणारी मुले. तिची झोप तुकड्यातुकड्यांची होते, आणि तीही दार वाजले की मोडते. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88 मिनिटे. नाइट करणारीला या मिनिटांतून सूट नाही. स्त्री-पुरुष दोघांना समान ड्युटी लावली म्हणजे समान न्याय झाला, हे आम्हाला मान्य नाही.

पुरुषांकडे दुर्लक्ष करावे असे नव्हे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार त्यांच्यात अधिक आढळतो. घोरणाऱ्या ब्रदरला, रुग्णवाहिका चालवणाऱ्याला आपण तपासणीला पाठवत नाही. तंबाखू आणि चहावर तो रात्र रेटतो.

मग बायकांना नाइटच देऊ नये का? ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, विश्रांती घेत असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने स्त्रियांच्या रात्रपाळ्या शक्यतो टाळण्याची सूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने तिला हरकत घेतली, आणि ती हरकत रास्त होती. हवी आहे ती आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली, आणि मध्यरात्रीनंतर आळीपाळीने अर्धा तास पडण्याची लेखी परवानगी.

पाळ्यांविषयी युरोपातील तज्ज्ञांनी 2020 मध्ये केलेल्या शिफारशी स्पष्ट आहेत: सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत, दोन पाळ्यांत किमान 11 तासांचे अंतर हवे, एक पाळी नऊ तासांहून लांब नको, आणि गरोदर स्त्रीला आठवड्यात एकाहून अधिक नाइट नको, कारण गर्भपाताचा धोका वाढतो. आपली बारा तासांची नाइट यात बसत नाही, आणि रिक्त पदे भरल्याशिवाय ती बदलणारही नाही. त्यासाठी शासनाकडे भांडावेच लागेल. पण सलग नाइट कमी करणे, गरोदर सिस्टरची नाइट वगळणे, नाइट उतरलेल्यांना दुपारच्या प्रशिक्षणाला न बोलावणे, यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

पुढच्या महिन्याची लिस्ट लावण्याआधी प्रत्येक सिस्टरला आणि ब्रदरला विचारा: नाइटनंतर किती वाजता झोपता, आणि मध्ये किती वेळा उठावे लागते? उत्तरे वहीत लिहून ठेवा, त्यांवरून लिस्टमध्ये काय बदलले ते आम्हाला कळवा. आम्ही ते छापू.