एजन्सी तुमची, कर्ज तुमचं. पण बंद करायचा अधिकार कंपनीचा! डीलरला वाचवणारा कायदा महाराष्ट्रात का नाही?

फैजपूर म्हटलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि चर्चेत शेतकऱ्याचं कर्ज. आजचं फैजपूर म्हणजे केळीच्या पट्ट्यातलं, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. अशा कुठल्याही गावातून जाताना रस्त्याकडेच्या पाट्या वाचा. मोटारसायकल, ट्रॅक्टर, ठिबक, बियाणं, मोबाईल, गॅस. पाटीवर नाव कंपनीचं असतं. मागचा गाळा, बँकेचं कर्ज आणि पोरांचे पगार मात्र गावातल्याच कुणाच्या तरी डोक्यावर असतात.

आता समजा, कंपनीचं पत्र आलं : 'तुमची एजन्सी रद्द करण्यात येत आहे.' या माणसाला कायद्याने काय मिळतं?

उत्तर १९९० च्या एका निकालात आहे. इंडियन ऑइलने अमृतसर गॅस सर्व्हिस या वितरकाची एजन्सी रद्द केली. लवादाने ती परत द्यायला सांगितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. करारात एक कलम होतं की ३० दिवसांची नोटीस देऊन कुठल्याही बाजूला करार संपवता येईल. कोर्ट म्हणालं, रद्द करण्याची पद्धत चुकली असली तरी एजन्सी परत मिळणार नाही. भरपाई मिळेल, ती नोटिशीच्या ३० दिवसांत जेवढी कमाई झाली असती तेवढी.

म्हणजे वर्षानुवर्षांच्या धंद्याची किंमत एक महिन्याचं कमिशन! जो करार मुळातच संपवता येण्याजोगा आहे, तो चालू ठेवायला कोर्ट सहसा भाग पाडत नाही, असं विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ सांगतो. आणि करार लिहितो कोण? कंपनीचा वकील. डीलर फक्त सही करतो. त्यातच वाद झाला तर लवाद दिल्लीत किंवा मुंबईत, असंही कलम घातलेलं असतं.

फोर्ड गेली, शोरूम उरले

९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. वाहन विक्रेत्यांची संघटना 'फाडा'च्या म्हणण्यानुसार तेव्हा कंपनीचे १७० डीलर होते आणि त्यांची गुंतवणूक सुमारे २,००० कोटी रुपयांची होती. त्याआधी २०१७ मध्ये जनरल मोटर्सनेही भारतातली विक्री बंद केली होती. त्यांचा पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला, देशातल्या शोरूमना मात्र विकायला गाडी उरली नाही.

तेव्हापासून 'फाडा'ची मागणी आहे, डीलरांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करा. उद्योगविषयक संसदीय स्थायी समितीनेही डिसेंबर २०२० च्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली. कायदा मात्र आलेला नाही.

डीलर बोलत का नाहीत?

याचं उत्तर मारुतीच्या प्रकरणात सापडतं, आणि ते खानदेशाच्या जवळचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुतीला २०० कोटींचा दंड केला. ठरवलेल्यापेक्षा जास्त सूट ग्राहकाला दिली तर कंपनी डीलरला दंड करत होती, आणि खोटे ग्राहक पाठवून डीलरची परीक्षा घेतली जात होती, असं आयोगाने म्हटलं. मारुतीने त्यावर अपील केलं. पण हे सगळं सुरू झालं ते एका निनावी ईमेलने! त्यातली तक्रार होती कंपनीच्या 'वेस्ट-२' विभागाची, म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. ज्याची एजन्सी ३० दिवसांत जाऊ शकते, तो नाव टाकून तक्रार कशाला करेल?

राज्य सरकार काही करू शकतं का?

करू शकतं, आणि इथेच राजकारण येतं. करार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत सातव्या क्रमांकावर आहे. म्हणजे विधानसभेलाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते, एवढंच.

अमेरिकेत हे काम राज्यांनीच केलं. विस्कॉन्सिनच्या १९७४ च्या कायद्यात योग्य कारणाशिवाय डीलरशिप काढता येत नाही. साधारणपणे ९० दिवसांची नोटीस आणि चूक सुधारायला ६० दिवस द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात तर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१४ मध्ये एक विधेयक नाकारलं आणि वाटाघाटींनंतर २०१५ मध्ये दुसऱ्यावर सही केली. कंपन्यांचा आक्षेप असा की वाईट सेवा देणारा दुकानदार हटवता आला नाही तर ब्रँडचं नाव खराब होतं. तो अगदीच खोटा नाही. तिथल्या डीलर कायद्यांमुळे टेस्लाला अनेक राज्यांत थेट ग्राहकाला गाडी विकणं अवघड झालं. डीलरचं हित आणि गिऱ्हाइकाचं हित दरवेळी एकच असतं असं नाही.

महाराष्ट्रात चक्र उलटं फिरलं. २०२३ मध्ये बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकांविरुद्ध पाच विधेयकं आली. कृषी केंद्रवाल्यांनी २ ते ४ नोव्हेंबरला दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं, आम्ही सीलबंद पाकीट विकतो, आत काय आहे ते कंपनीला विचारा. शेतकऱ्याचा हंगाम बुडाल्यावर कुणाला तरी धरायलाच हवं, हेही खरं. पण दुकानदार कायद्यात आला तो आरोपी म्हणून. कंपनीसमोरची त्याची बाजू कुणी मांडली नाही. २०२२ च्या सुरुवातीला राज्यातल्या वितरकांनी कोलगेट आणि हिंदुस्थान युनिलिव्हरचा काही माल उचलणं थांबवलं होतं, कारण ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना तोच माल स्वस्तात मिळत होता. तोही प्रश्न चर्चेच्या टेबलावरच हाताळला गेला, विधानसभेत नाही.

उद्या कायदा झालाच, तरी एक पेच राहतो. तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतली बरीच दुकानं सब-डीलरची असतात. त्यांचा व्यवहार जळगाव-भुसावळच्या मुख्य डीलरशी, कंपनीशी थेट करारच नाही. 'फाडा' ज्या संरक्षणाची मागणी करते, ते कंपनी आणि तिचा अधिकृत डीलर यांच्यातल्या कराराचं आहे. मुख्य डीलरची एजन्सी गेली की सब-डीलरची पाटीही उतरते, आणि त्याला तर ३० दिवसांची नोटीससुद्धा कुणी देत नाही.