कालिया कावळा कोणी काढला?



ग्रंथालयातल्या मागच्या कपाटात जुन्या 'टिंकल', 'चंपक' आणि 'अमर चित्र कथा' यांचे गठ्ठे आहेत. ते रद्दीत देऊन त्या जागी कंप्यूटर ठेवावा, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. मुद्दा सरळ होता. अंक हिंदी-इंग्रजीतले, शाळा मराठी समाजाची, आणि वर ही सगळी कोल्ह्या-कावळ्यांची चित्रे. त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. आज बोलायचे आहे.

बैठकीनंतर आम्ही सहावीच्या वर्गात कालिया कावळ्याचे एक पान घेऊन गेलो आणि विचारले, हे कोणी काढले? एक म्हणाला, "कंप्यूटरने." एक मुलगी म्हणाली, "टिंकलवाल्यांनी." आम्ही फळ्यावर उत्तर लिहिले, प्रदीप साठे. वर्ग एकदम शांत झाला. मग मागून आवाज आला, "सर, म्हणजे मराठी?"

अनंत पै यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये 'टिंकल' सुरू केले. कालियाच्या गोष्टी लुईस फर्नांडिस यांच्या, चित्रे साठे यांची. किचू-मिचू हे ससे, त्यांच्यावर टपलेले चमाटका कोल्हा आणि डूबडूब मगर, आणि दर वेळी त्यांचा बेत उधळणारा कावळा. त्याच अंकांतला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी काढला. शंभूचे डोळे टोपीखाली झाकलेले, त्यामुळे वाघ दिसल्यावरची त्याची भंबेरी सारी हातापायांतून दाखवायची! सुप्पांडी राम वाईरकरांचा. 'अमर चित्र कथे'तला 'कृष्ण'ही त्यांच्याच हातचा. साठे, हळबे, वाईरकर. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीत असावीत अशीच ही नावे आहेत. ती आपल्याला माहीत नव्हती, यात दोष अंकांचा नाही.

कावळा काढणे सोपे नाही. चित्रकलेच्या तासाला करून पाहा. अंग सगळे काळे, त्यात रेघ दिसत नाही. ओठ नाहीत, भुवया नाहीत. हसू, राग, कावेबाजपणा, सगळे डोळा, चोच आणि मानेचा कल एवढ्यातच बसवायचे. साठ्यांचा कालिया फांदीवर बसून खाली बघतो तेव्हा त्याच्या मनात काय शिजते आहे, हे अक्षर न वाचता कळते. पितृपक्षात सिद्धवटावर आपण ज्याची वाट पाहतो, त्या पक्ष्याकडे एरवी कोण बघतो? पंचतंत्रातल्या लघुपतनक कावळ्याने उंदीर, कासव आणि हरिणाशी मैत्री केली, ती गोष्ट संस्कृतच्या तासाला आपण शिकवतो. कालिया आम्हाला त्याच घराण्यातला वाटतो.

चित्रकार विसरला जाणे हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. दूरदर्शनवर रविवारी 'डक टेल्स' पाहिलेले पालक आज आमच्यासमोर बसतात. त्यातला कंजूष अंकल स्क्रूज १९४७ मध्ये कार्ल बार्क्स यांनी निर्माण केला. त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ बदकांच्या चित्रकथा काढल्या, पण छापले जाई ते वॉल्ट डिस्नेचे नाव. वाचक मात्र हुशार. नाव ठाऊक नसूनही ते त्यांचा हात ओळखत आणि 'चांगला बदकवाला' म्हणत. शेवटी पत्रव्यवहार करून त्यांनीच त्यांना शोधून काढले.

आता थोडे स्वतःबद्दल. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी घरापुरती. या पत्रिकेतला आमचा मजकूर मराठीच्या बाई तपासून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळकरी वयात फ्रीगंजात भाड्याने मिळणारे इंग्रजी 'टिंकल' आम्ही आधी चित्रांवरूनच वाचले. मगरीने तोंड उघडलेले दिसे, ससा पळताना दिसे, मग त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाचा अर्थ दुसरा काय असणार? शब्दकोश नंतर आला. आज घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असणारी आपली मुले त्याच जागी उभी आहेत.

या अंकांनी मराठी सुधारेल असा आमचा दावा नाही. ती पुस्तकांनी आणि घरातल्या बोलण्याने सुधारेल. मराठीत अशी प्राण्यांची चित्रकथा आपल्या मुलांच्या हाती फारशी येत नाही, हेही खरे. म्हणूनच सहावीला आम्ही सांगितले आहे की कालियाच्या एका गोष्टीतले फुगे कोरे करून त्यात मराठी लिहा. डूबडूबच्या तोंडी एकाने अस्सल उज्जैनी हिंदी घातली आहे. ती आम्ही तशीच ठेवली.

कंप्यूटर हवाच, पण तो प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसेल. अंकांचे बाइंडिंग करून प्रत्येक खंडावर चित्रकाराचे नाव घालण्याचा प्रस्ताव आम्ही पुढच्या बैठकीत मांडत आहोत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने अंक पडले असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावे. कव्हर फाटलेले असले तरी चालेल.